बटरफ्लाय चौथ्या हातालाच का बुडतो?

प्रश्न: मी ३६ वर्षांची आहे, दापोलीत राहते. लहानपणी माहेरच्या विहिरीत पोहायला शिकले. आता आठवड्यातून तीन दिवस २५ मीटरच्या तलावात पोहते, फ्रीस्टाइल एक किलोमीटर न थांबता जमतं. सहा महिने झाले, बटरफ्लाय शिकतेय, म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे आणायचे आणि दोन्ही पाय जुळवून मारायचे तो प्रकार. पहिले दोन-तीन हात बरे पडतात. चौथ्या हाताला पाय खाली जातात, श्वास घेताना तोंडात पाणी जातं आणि उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला कळ येते. माझी ताकद कमी पडते का? जिम लावू का? की वय झालं? आणि हर्णैला समुद्रात सराव केला तर चालेल का?

उत्तर: तुमची ताकद कमी पडत नाही. एक किलोमीटर फ्रीस्टाइल न थांबता पोहणाऱ्या बाईच्या अंगात २५ मीटर बटरफ्लायपुरता जोर नक्की असतो. वयही आड येत नाही, माझ्याकडे पन्नाशी उलटल्यावर हा प्रकार शिकलेली माणसं आहेत. जिम लावायची तर तब्येतीसाठी जरूर लावा, पण तुमचा चौथा हात तिथे दुरुस्त होणार नाही. कारण चौथ्या हाताला जे दिसतं ते पहिल्या हातालाच बिघडलेलं असतं. भिंतीला पाय मारून निघालात की त्या धक्क्यावर दोन-तीन हात तसेच निघून जातात. धक्का संपला की तुमचा खरा स्ट्रोक उघडा पडतो. पडताळून बघायचं असेल तर उद्या तलावाच्या मधोमध जा, भिंतीला पाय न लावता पाण्यावर पालथ्या पडा आणि तिथून पहिला हात मारा. बहुतेक दुसऱ्याच हाताला पाय खाली जातील. आपल्याला दुरुस्ती तिथे करायची आहे.

मी मालवणात सव्वीस वर्षं पोहायला शिकवतो. माझं स्वतःचं शिक्षणही विहिरीतलंच, पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून. विहिरीत शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, खोल पाण्यात तो घाबरत नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. पण त्याच्या हाडात एक सवय भिनलेली असते: मान वर. विहिरीत वरून कोण उडी मारतंय, पायरी कुठे आहे, दोर कुठे आहे, हे बघतच पोहावं लागतं. फ्रीस्टाइलमध्ये ही सवय थोडीफार झाकली जाते, कारण तिथे तोंड बाजूला वळतं. बटरफ्लायमध्ये तोंड समोरून बाहेर येतं, आणि मान जितकी वर जाईल तितकी कंबर खाली जाते. तुमचं पोहणं मी पाहिलेलं नाही, पण तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी, म्हणजे पाय बुडणं, तोंडात पाणी आणि खांद्याची कळ, विहिरीत शिकलेल्या लोकांकडून मी एकत्रच ऐकत आलोय. तिन्हींचं मूळ एकच आहे.

तुम्ही हर्णैच्या जवळच राहता, म्हणून आधी एक गोष्ट बघायला सांगतो. माशांच्या लिलावाच्या वेळी बंदरावर जा आणि टोपलीत अजून धडपडणारा एखादा बांगडा निरखून बघा. त्याची शेपटी डावी-उजवीकडे आपटते. आता मुरूड-हर्णैच्या समुद्रात सकाळी डॉल्फिन दिसतात, ते आठवा. त्यांची शेपटी आडवी असते आणि वर-खाली चालते. डॉल्फिन मासा नव्हे, आपल्यासारखाच सस्तन प्राणी, त्यामुळे त्याचा कणाही आपल्यासारखाच पुढे-मागे वाकतो. बटरफ्लायमध्ये आपण उसनी घेतो ती ही हालचाल. आणि डॉल्फिन पाण्यावर येतो तेव्हा क्रम बघा: आधी डोकं, मग पाठ, मग पाठीवरचा पंख, आणि सगळ्यात शेवटी शेपटी. लाट पुढून मागे जाते. शिकणाऱ्यांपैकी बरेच जण ती मागून सुरू करतात, गुडघ्यातून. गुडघे दुमडून पाय पाण्यावर आपटले की आवाज मोठा येतो, पाणी उडतं, आणि माणूस जागच्या जागी राहतो.

पुढून सुरुवात म्हणजे नेमकं काय, ते घरी करून बघता येईल. जेवायला बसायचा लाकडी पाट हौदात किंवा मोठ्या घंगाळात तरंगत सोडा. एका टोकाला हलकेच बोट दाबा. दुसरं टोक वर येतं. तुमचं शरीर पाण्यावर असंच आहे. छातीत हवा भरलेली असते म्हणून छाती तरंगते, कंबर आणि पाय जड असतात म्हणून खाली जातात. छाती पाण्यात दाबली की कंबर आपोआप वर येते. ही ताकद फुकटची आहे, पाण्यानेच दिलेली. दाबायचं किती? चार बोटं. वीतभर दाबायला गेलात तर तुम्ही खाली सूर मारता, आणि मग वर यायलाच सगळा दम खर्च होतो. नव्याने शिकणारा माणूस बटरफ्लाय म्हणजे मोठ्या उड्या समजतो. चांगला बटरफ्लाय पुढे सरकतो, वर-खाली फार जात नाही.

मी पोरसवदा असताना विहिरीवर दोन्ही हातांनी पाणी बडवत होतो, तेव्हा रापणीवरचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचे, एक म्हातारे काका काठावरून म्हणाले होते, "पाण्याक मारतस कित्याक? पाण्यार नीज." पाण्याला मारतोस कशाला, पाण्यावर झोप. त्यांनी बटरफ्लाय हा शब्दही कधी ऐकला नसेल. पण आजही नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच वाक्य सांगतो, त्याच मालवणीत.

तेव्हा पहिले दोन आठवडे हात विसरा. पालथ्या व्हा, हात मांड्यांना चिकटवून ठेवा, नजर तळाच्या फरशीवर. छाती दाबा, सोडा, दाबा, सोडा. कंबर वर येताना पाण्याबाहेर डोकावली पाहिजे, पोहण्याचा पोशाख मागून ओला-कोरडा होताना काठावरच्या माणसाला दिसला पाहिजे. पाय मुद्दाम मारू नका, लाट पायांपर्यंत पोचली की ते आपोआप फटकतील. सुरुवातीला वेग जवळजवळ नसतोच, त्याने खट्टू होऊ नका. मग तेच हात पुढे ताणून करा. हात पुढे असले की छाती दाबणं अवघड जातं आणि खांदे आखडलेले असतील तर लगेच कळतं. तसं जाणवलं तर घरी भिंतीला पाठ टेकून उभ्या राहा, कंबर भिंतीपासून न सोडता दोन्ही हात सरळ वर न्या. मनगटं भिंतीला टेकत नसतील तर रोज पाच मिनिटं खांदे मोकळे करण्याचे व्यायाम हवेत. त्यांचा उपयोग डंबेल्सपेक्षा जास्त होईल.

आता मुख्य गोष्ट. हा प्रकार कसा जन्माला आला ते माहीत असलं की तुमची अडचण समजायला सोपी जाते. बटरफ्लाय ब्रेस्टस्ट्रोकच्या, म्हणजे बेडकासारखं पोहण्याच्या प्रकाराच्या, पोटातून आला. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या काही पोहणाऱ्यांच्या लक्षात आलं की ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पाण्यावरून पुढे आणायला नियमात कुठे मनाई नाही. मग हात बाहेरून आणि पाय बेडकासारखे, असं पोहणं सुरू झालं. आयोवा विद्यापीठातले प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचा पोहणारा जॅक सीग यांनी दोन्ही पाय जुळवून वर-खाली मारायची पद्धत त्या हातांना जोडली. १९५२ मध्ये बटरफ्लाय हा वेगळा प्रकार मानला गेला आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्याच्या स्वतंत्र शर्यती झाल्या. म्हणजे हात आधी आले, पाय नंतर आले, आणि खरं काम होतं ते दोघांची सांगड घालण्याचं. तलावात शिकवतानाही नेमकं हेच अर्धवट राहतं. हात वेगळे शिकवतात, पाय वेगळे शिकवतात, आणि मग सांगतात, "आता दोन्ही एकत्र करा."

सांगड अशी आहे. एका हाताच्या फेऱ्यात पाय दोनदा. पहिली किक हात पुढे पाण्यात शिरताना. दुसरी किक हात मांडीपाशी पाण्यातून बाहेर निघताना. पहिली जवळजवळ सगळ्यांना जमते, कारण हात आत पडतानाच अंग पुढे झुकतं आणि पाय आपसूक फटकतात. दुसरी हरवते. आणि दुसरी हरवली की हातांना पाण्याबाहेर काढायला आधार उरत नाही. मग माणूस ते खांद्यांनी उचलतो, पाठ ताणतो, मान वर करतो. कंबर खाली जाते. पुढचा हात आणखी जड होतो. तुमच्या चौथ्या हाताची ही गोष्ट आहे, आणि खांद्याच्या कळेचीही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी होती, मच्छीमाराच्या घरातली. पाण्यात ती इतकी सहज होती की तिला शिकवताना मलाच आनंद व्हायचा. तरीही दुसरी किक काही केल्या येईना. तीन आठवडे आम्ही दोघं तिथेच अडकलो होतो. एका संध्याकाळी मी तिला पाण्याबाहेर काढलं, काठावर पालथी झोपवलं, पाय पाण्यात सोडायला लावले आणि हात हवेत फिरवायला सांगितले. फरशी तापलेली होती, तिच्या पोटाखाली मी ओला टॉवेल घातला. हात पुढे टेकले की एक थाप, हात मांडीपाशी आले की दुसरी थाप. दहा-बारा फेऱ्यांनंतर तिने मान वळवून विचारलं, "सर, हा शिमग्यातलो ढोल आसा मा? एक मोठो, एक बारको?" मी म्हटलं, ढोल बरोबर, पण इथे दोन्ही ठोके सारखे, फक्त जागा वेगळी. ती हसली, पुटपुटत ठेका धरला, आणि त्याच ठेक्यावर पाण्यात गेली. पाचव्या की सहाव्या हाताला मी काठावरून चालत होतो तो थांबलोच. तिचे हात पाण्यातून उचलले जात नव्हते, निघत होते. मनगटांवरून पाणी सरळ रेषेत गळत होतं, शिंतोडा नाही. तिथून तिला परत काही सांगावं लागलं नाही.

तुम्हीही असंच करा. आधी काठावर, मग पाण्यात, एक हात पुढे ताणून ठेवून दुसऱ्या एकाच हाताने. याला आम्ही सिंगल आर्म म्हणतो. यात श्वास फ्रीस्टाइलसारखा बाजूला घ्यायचा, म्हणजे मान उचलायचा प्रश्नच येत नाही आणि सगळं लक्ष दुसऱ्या किकवर राहतं. मनातल्या मनात म्हणा: आत, बाहेर. आत, बाहेर. दोन्ही शब्दांना पाय पडलाच पाहिजे. मग दोन हात उजवे, दोन हात डावे, दोन हात जोडून. त्या जोडलेल्या दोन हातांत ठेका तुटला तर परत एकेरीवर जा. रापण ओढताना दोराला सगळे एकदम हात घालतात. दोन माणसं जरी मागेपुढे झाली तरी जाळं जागचं हलत नाही, मग माणसं कितीही तगडी असोत. हात, पाय आणि छातीचं नातं तसंच आहे.

पायांबद्दल थोडं. गुडघे अगदी ताठ नकोत आणि दुमडून मांडीच्या रेषेबाहेर जायलाही नकोत. घोटे सैल हवेत, पावलं आत वळलेली, दोन्ही अंगठे एकमेकांना घासतील इतकी जवळ. माहेरच्या विहिरीवर जाणं होत असेल तर तिचा इथे सुंदर उपयोग आहे. विहिरीत लांब पोहता येत नाही, पण खोली असते. उभ्या राहा पाण्यात, हात छातीवर घडी घालून, आणि फक्त डॉल्फिन किकवर, म्हणजे दोन्ही पाय जुळवून मारलेल्या किकवर, हनुवटी पाण्याबाहेर ठेवा. पंधरा सेकंद मारा, विश्रांती, परत पंधरा सेकंद. पाच-सहा वेळा पुरे. पाय पुढे जितके जातात तितकेच मागेही यायला हवेत, नाहीतर तुम्ही एका बाजूला सरकत जाल, विहीरच तुम्हाला चूक दाखवेल. मात्र काठावर पोहता येणारं माणूस हवंच. एकटीने विहिरीत उतरायचं नाही, कितीही वर्षांची सवय असली तरी.

आता हात आणि खांदा. पुढच्या बाजूची कळ मला तीन ठिकाणांहून येताना दिसते. एक, हात पाण्यात पडताना खांद्यांच्या आत येणं, तळवे जवळजवळ एकमेकांना भिडणं. दोन, अंगठे खाली करून हात पाण्यावर आपटणं. तीन, आणि हे सगळ्यात जास्त, श्वासासाठी वर यायला सरळ ताठ हातांनी पाणी खाली दाबणं. खांद्याच्या सांध्यातले बारीक स्नायू या वेळी हाडांच्या मध्ये चिमटले जातात. उपाय म्हणून हात खांद्यांच्या रुंदीएवढे, हवं तर किंचित बाहेर पडू द्या, तळवे खाली वळलेले. हात आत गेले की लगेच ओढायची घाई नको, छाती दाबली जाईपर्यंत क्षणभर पुढे राहू द्या. मग कोपर वर ठेवून बोटं तळाकडे वळवा, जणू हात एखाद्या मोठ्या पिंपाला मिठी मारतोय. हात पोटाखाली येतात, आणि तिथून बाहेर. शेवटपर्यंत ढकलत बसू नका. साडीच्या निऱ्या खोचून हात सहज बाजूला यावा, तसे ते कंबरेशी बाहेर वळले पाहिजेत. पुढे आणताना हात पाण्याला जवळजवळ घासून, रुंद आणि ढिले. उंच उचललेले हात तसबिरीत छान दिसतात, पण खांदा त्याची किंमत मोजतो.

हे मी जीव तोडून सांगतोय याला कारण आहे. एकोणीस वर्षांचा असताना मी ज्या तलावावर सराव करत होतो तिथल्या प्रशिक्षकांनी दुखऱ्या खांद्याने मला रोज २०० मीटर बटरफ्लायचे फेरे काढायला लावले. "दुखतंय म्हणजे तयार होतोय" असं ते म्हणत. आठ महिने मला केस विंचरायला डावा हात वापरावा लागला, आणि स्पर्धा तिथेच संपल्या. म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगतो: दोन आठवडे पूर्ण बटरफ्लाय बंद ठेवा. वर सांगितलेला छातीचा सराव, पायांचा सराव, आणि न दुखता जमेल तेवढंच फ्रीस्टाइल. हात खांद्याच्या वर नेताना कळ कायम राहिली, किंवा रात्री त्या कुशीवर झोपताना दुखलं, तर हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा, माझ्या उत्तरावर थांबू नका. बरं वाटलं की रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधा, कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला ओढायचा व्यायाम सुरू करा. पंधरा वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. जिमचा एवढाच भाग तुम्हाला खरा लागतो.

श्वासाचं एक सूत्र लक्षात ठेवा: डोकं हातांच्या आधी वर येतं आणि हातांच्या आधी आत जातं. हात ओढायला सुरुवात झाली की हनुवटी पुढे सरकवायची. वर नाही, पुढे. हनुवटी पाण्याला घासत राहिली पाहिजे, जणू पाण्याच्या काठावर ठेवलेली आहे. नजर समोरच्या भिंतीवर गेली तर मान जास्त उचलली गेली असं समजा. दोन्ही हात पुढे पाण्यावर अजून पडायचे आहेत तेव्हाच चेहरा परत आत. तुमच्या तोंडात पाणी जातं कारण तुम्ही श्वास घ्यायला उशिरा वर येता, हात परत फिरत असताना, आणि तेव्हा अंग खाली निघालेलं असतं. आणखी एक: उच्छ्वास पाण्यातच पूर्ण करा. वर आल्यावर सोडायचा आणि घ्यायचा, दोन्हीला तिथे वेळ नसतो. सुरुवातीला पहिले दोन हात श्वासाशिवाय मारा, मग एक आड एक हाताला श्वास घ्या.

सराव कसा बांधायचा? माझा एकच हट्ट असतो, आणि तो मोडणाऱ्यावर मी रागावतो: चांगले चार हात मारा आणि थांबा. पाचवा हात वाईट पडणार असं वाटलं की उभ्या राहा, किंवा फ्रीस्टाइलने पलीकडे जा. दमलेल्या अंगाने मारलेला वाईट हात शरीर तितक्याच इमानाने लक्षात ठेवतं. सहा महिने तुम्ही बहुधा प्रत्येक वेळी २५ मीटर पुरे करायचा प्रयत्न केलात, म्हणजे तीन चांगल्या हातांमागे सात-आठ वाईट हात घोटले. आता चार हात, अर्धा मिनिट विश्रांती, असं दहा वेळा. दिवसाचे चाळीस हात झाले, सगळे चांगले. ते सलग आठवडाभर टिकले की सहा हात. मग आठ. २५ मीटर साधारण दहा-बारा हातांत होतं, तिथे तुम्ही अशा मार्गाने दोन-तीन महिन्यांत पोचाल असं मला वाटतं, कारण पाण्याशी तुमची ओळख जुनी आहे. बटरफ्लाय सरावाच्या सुरुवातीला ठेवा, अंग ताजं असताना. किलोमीटरभर पोहून झाल्यावर नको.

साधनांत आखूड फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, घ्या, त्यांनी लाट पायांपर्यंत पोचल्याचं कळतं. मात्र निम्मा सराव फिन्सशिवायच करा. हातातले पॅडल सध्या अजिबात नकोत, खांद्यावर भार वाढतो.

वयाचं विचारलंत म्हणून सांगतो, पंचविशीपुढच्यांसाठी मास्टर्स स्पर्धा असतात आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बटरफ्लायच्या हातांबरोबर ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते. जुन्या काळचा बटरफ्लाय तिथे अजून जिवंत आहे. तुम्ही डॉल्फिन किकच शिका, पण हे माहीत असू द्या. आणि हा प्रकार आपल्या लोकांचा नाही असं वाटत असेल तर बघा: १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत खजान सिंगने २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्य मिळवलं. त्यानंतर २४ वर्षं आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणात पदक नव्हतं. २०१० मध्ये ग्वांगझूला ते कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने आणलं, ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य. २०२१ मध्ये ऑलिम्पिकची थेट पात्रता वेळ गाठणारा पहिला भारतीय जलतरणपटू साजन प्रकाश, तोही २०० मीटर बटरफ्लायमध्येच, १ मिनिट ५६.३८ सेकंद. साजनच्या शर्यतींची चित्रणं मिळाली तर बघा. हात बघू नका, कंबर बघा. शेवटच्या ५० मीटरमध्येही ती पाण्याच्या वरच्या थरातच राहते.

आता समुद्राचा प्रश्न. हर्णै बंदरात नको. होड्यांची ये-जा, पाण्याखाली नांगरांचे दोर, जाळी, डिझेलचा तवंग, यात पोहणाऱ्याला जागा नाही. मुरूड-कर्द्याच्या सपाट वाळूच्या किनाऱ्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी वारा सुटायच्या आत, छातीइतक्या पाण्यात किनाऱ्याला समांतर, एवढं चालेल. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की पाणी चोळामोळा होतं आणि पुढे येणारे हात लाटेवर आपटतात, खांद्याला ते वाईट. पावसाळ्याचे चार महिने समुद्राचं नावही काढू नका. किनाऱ्यावर एक माणूस बसलेलं हवं, डोक्यावर भडक रंगाची टोपी हवी, आणि भरती-ओहोटीची वेळ घरून निघतानाच बघितलेली हवी. ओहोटी लागलेली असताना, विशेषतः अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, उतरू नका. आत खेचणाऱ्या पाण्याच्या ओढीत सापडलातच तर बटरफ्लाय सोडा, तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर शांतपणे पोहत तिच्यातून बाजूला व्हा, हात वर करून माणसाला दिसू द्या.

एवढी काळजी घेतलीत तर समुद्र एक गोष्ट छान शिकवतो. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं, त्यामुळे अंग वर तरंगतं, कंबर सहज वर येते. छाती दाबली की काय होतं ते तिथे पहिल्यांदा स्पष्ट जाणवतं. पण तेवढ्यावर जमलं असं मानू नका. समुद्रात आठ हात पडले आणि तलावात परत चारवर आलात तर तो तुमचा दोष नाही, ते जास्तीचे चार हात खाऱ्या पाण्याने उचलले होते. मोजमाप तलावातच करा. आमच्या चिवला बीचवर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे यायची इच्छा असेल तर जरूर या, फक्त अंतर फ्रीस्टाइलने कापा. तुमचं फ्रीस्टाइल त्यासाठी पुरेसं आहे.

आणि खांदा शांत झाल्यावर, पहिल्या चार हातांच्या दिवशी, कुणाला तरी मोबाइल घेऊन काठावर बसवा. समोरून नको, बाजूने, पाण्याच्या पातळीजवळ धरून. घरी ते चित्रण हळू चालवा आणि जिथे तुमचे हात मांडीपाशी पाण्याबाहेर निघतात तिथे थांबवा. त्या चौकटीत पाय खाली फटकताना दिसले तर पुढचा आठवडा सहा हातांचा. पाय नुसते मागे लोंबताना दिसले तर परत काठावर, ओला टॉवेल पोटाखाली घेऊन.